रामा निघून गेला, त्यानंतरचे काही महिने

'राँदेव्हू विथ रामा' मे महिन्यात वाचली. नागपूरच्या दुपारी कूलरसमोरून उठवत नाही, तेव्हा. त्यानंतर पुस्तक मित्रांकडे फिरून आलं आणि भांडणं झाली ती शेवटावरूनच. पुढे शेवट उघड केला आहे, त्यामुळे वाचायची असेल त्यांनी इथेच थांबावं.

आर्थर क्लार्कची ही कादंबरी १९७३ची. २१३१ साली सूर्यमालेत बाहेरून एक पोकळ दंडगोल येतो, तोच रामा. लांबी ५० किलोमीटर, व्यास २०, दर ४ मिनिटांना एक गिरकी. कमांडर नॉर्टनची तुकडी आत उतरते. आतल्या भिंतीला पट्ट्यासारखा गुंडाळलेला समुद्र गोठलेला असतो. सूर्य जवळ येतो तसा तो वितळतो, वादळ उठतं, दिवे लागतात, यंत्रजीव कामाला लागतात. काम आटोपलं की तेच यंत्रजीव समुद्रात परततात, दिवे विझतात. रामा सूर्याजवळून ऊर्जा भरून घेतो आणि मोठा मॅजेलन मेघ या शेजारच्या दीर्घिकेच्या दिशेनं निघून जातो. तो बांधणारं कोणीही भेटत नाही.

मित्र वैतागला, "काऊन गा, एवढं घर फिरवलं अन् घरमालक दाखवलाच नाही?"

तक्रार समजते, पटत मात्र नाही. बुधावरच्या वसाहतीला रामाची इतकी भीती वाटते की ती त्याच्यावर बॉम्ब सोडते. नॉर्टनच्या तुकडीतला रॉड्रिगो जीव धोक्यात घालून तो निकामी करतो, कारण रामामागे ईश्वरी योजना आहे अशी त्याची श्रद्धा आहे. राजदूत बैठका घेतात. ही सगळी भीती, श्रद्धा, राजकारण ज्याच्यासाठी, त्याला माणसांचा पत्ताच नसतो. तो सूर्याकडे आला होता, आपल्याकडे नाही. शेवटी एखादा रामावासी समोर येऊन बोलला असता तर आधीचं सगळं नुसती प्रस्तावना ठरलं असतं.

मला खटकतं ते अगदी शेवटचं वाक्य. एक शास्त्रज्ञ झोपेतून दचकून उठतो: रामावासी सगळं तीन-तीन करतात! म्हणजे अजून दोन येणार. वाचकाला एवढा दिलासा द्यायची गरज नव्हती. ते वाक्य उशिरा, शेवटचा हात फिरवताना घातलं आणि तेव्हा पुढचा भाग मनात नव्हता, असं क्लार्कनंच सांगितलं आहे.

पावसाळ्यात भाचीला रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात नेलं होतं. बाहेर आल्यावर तिला सूर्यमालेबाहेरून आलेल्या ओमुआमुआबद्दल सांगितलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये हवाईतल्या दुर्बिणीला सापडला तेव्हा हा परका पाहुणा सूर्याला वळसा घालून परत निघालेलाही होता. त्याला रामा म्हणावं, असाही विचार झाला होता. "मामा, तो परत येईल?" नाही येणार, त्याचा वेगच तेवढा आहे. तो नेमका काय होता यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. हे माहीत असलेल्या वाचकाला क्लार्कचा शेवट अर्धवट कसा वाटेल?

'रामा २' १९८९ मध्ये जेंट्री लीसोबत आला. तो लगेच हातात घेऊ नका. पहिल्यानंतर निदान एक ऋतू जाऊ द्या.