पोटासाठी चिनी वैद्यक आणि फंक्शनल मेडिसिन एकत्र: सहा महिन्यांनंतर

तक्रार जुलाबाकडे झुकणाऱ्या आयबीएसची, म्हणजे आतड्याला इजा नसताना पोट वारंवार बिघडण्याच्या आजाराची: सकाळी दोन-तीनदा घाईनं शौचाला, मुरडा, दिवसभर गॅस. अमेरिकेत राहून त्यासाठी सहा महिने चिनी वैद्यक (काढे आणि अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया) आणि फंक्शनल मेडिसिन (आजाराचं मूळ शोधून आहार, तपासण्या आणि पूरक गोळ्यांवर भर देणारी पद्धत) हे दोन्ही उपचार एकत्र घेतले. उपयोग झाला, पण दोन्हीकडची औषधं एकाच कागदावर लिहून दोघांसमोर ठेवली तेव्हापासून. पहिले दोन महिने बरेचसे वायाच गेले.

कारण समजून घेण्यासारखं आहे. 'बान श्या श्ये शिन थांग' हा पोटाचा जुना चिनी काढा, सात घटकांचा. त्यात सुंठ आहे, बोराच्या जातीचं फळ आहे, ज्येष्ठमध आहे आणि 'हुआंग ल्येन' नावाची पिवळीजर्द, जहाल कडू मुळी आहे. त्या मुळीत वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त बर्बेरिन नावाचं द्रव्य असतं. फंक्शनल मेडिसिनमध्ये आतड्यातले वाढलेले जिवाणू आवरायला हेच बर्बेरिन कॅप्सूलमधून मिळतं, 500 मिलिग्रॅम, दिवसातून दोन-तीनदा. घरात दारुहळदीचा काढा चालू असेल तर त्यातही तेच. नावं तीन, द्रव्य एकच. मग जुलाब थांबतात खरे, पण पोट पार धरतं, आणि आजार उलटला असं वाटून नवीनच औषध सुरू होतं. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर खाली जाऊ शकते, सायक्लोस्पोरिनसारख्या (अवयवरोपणानंतर घ्यायच्या) औषधाची रक्तातली पातळी वाढते. गरोदरपणात बर्बेरिन नकोच.

ज्येष्ठमधाचंही तसंच. रोज पोटात गेलं की शरीर मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम सोडतं; रक्तदाब चढतो, पावलं सुजतात. 'डीजीएल' लिहिलेल्या ज्येष्ठमधाच्या गोळीतून हा त्रासदायक भाग काढून टाकलेला असतो, काढ्यात तो असतो. काढा चालू असेपर्यंत घरी आठवड्यातून दोनदा रक्तदाब मोजावा. सुरू करण्याआधी आणि नंतर चार-सहा आठवड्यांनी पोटॅशियम व यकृताची तपासणी करावी. नवीन गोष्ट एका वेळी एकच, मध्ये दोन आठवड्यांचं अंतर. नाहीतर गुण कशाचा आणि त्रास कशाचा, कुणालाच सांगता येत नाही.

तपासण्यांचा क्रम चुकला की पैसे पाण्यात. गहू बंद करायच्या आधी गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, म्हणजे सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी. पोळी सोडून दोन महिने झाले की ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आतड्यातले वाढलेले जिवाणू शोधणाऱ्या श्वासाच्या चाचणीआधी चार आठवडे अँटिबायोटिक नको, आदल्या दिवशी साधा भात आणि अंडं किंवा चिकन, मग 12 तास उपास. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर थायरॉइडच्या तपासणीआधी किमान दोन दिवस थांबवा, नाहीतर टीएसएच (थायरॉइडला चालवणारं संप्रेरक) खोटं कमी दिसू शकतं. रक्तातल्या अन्नाविरुद्धच्या अँटिबॉडी मोजणारी महागडी आयजीजी फूड टेस्ट मात्र करू नका. ते अ‍ॅन्टिबॉडी तुम्ही काय खाता एवढंच सांगतात, काय सोसत नाही ते नाही.

चिनी वैद्य नाडीबरोबर जीभही बघतात आणि इथे आपल्या लोकांचा हमखास घोळ होतो. आपण सकाळी जीभ घासून लख्ख करतो, म्हणजे त्यांना बघायचा असलेला थरच गेला! वर हळदीचं दूध किंवा कॉफी झाली असेल तर जीभ पिवळट-तपकिरी दिसते आणि निदानात 'उष्णता' लिहिली जाते. त्या दिवशी जीभ घासू नये, तपासणीआधी जिभेला रंग चढेल असं काही घेऊ नये.

सुया मात्र रिकाम्या पोटी नकोत, चक्कर येते. तासभर आधी थोडं खाऊन जावं. मुख्य बिंदू 'त्सु सान ली': गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या बाहेरच्या खळगीपासून स्वतःची चार बोटं खाली, नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर. सुई नीट लागली की टोचल्यासारखं नाही, जड, दाटून आल्यासारखं वाटतं. वीस-तीस मिनिटं ठेवतात. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी सांगा.

आहारात दोघांची तोंडं दोन दिशांना. फंक्शनल मेडिसिनवाल्याला कच्चं सॅलड आणि स्मूदी हवी, चिनी वैद्याला गार-कच्चं अजिबात नको. तोडगा सोपा: तोच पाला शिजवून घ्यायचा, सकाळी मऊ भात किंवा पेज. लो-फॉडमॅप, म्हणजे आतड्यात आंबून गॅस करणाऱ्या साखरा (कांदा, लसूण, गहू यांतल्या) टाळणारा आहार, काटेकोर दोन ते सहा आठवडेच, मग एकेक गट तीन दिवस घालून बघायचा. गोडा मसाला चालला, कांदा-लसूण मसाला अर्थातच नाही. लसणीची चव हवी तर अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाका: लसणीतली ती साखर, फ्रुक्टन, पाण्यात उतरतं, तेलात नाही. आमटीत उकळून मग पाकळी काढली तर काही उपयोग नाही. सिलिअ‍ॅक असेल तर डबीतला बांधणीचा हिंगही बघा, त्यात गव्हाचं पीठ असू शकतं.

घाई पहिली कमी झाली ती आहारानं, चौथ्या आठवड्यात. मुरडा आणि झोप सुधारली ती सुया आठवड्यातून दोनदा घेतल्यावर. पंधरवड्यातून एकदा घेऊन फरक दिसला नव्हता. बर्बेरिन आणि काढा दोन्ही आता बंद आहेत. शौचात रक्त, कमी होणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार असेल, तर यातलं काहीही सुरू करण्याआधी पोटविकारतज्ज्ञाकडून कोलोनोस्कोपीबद्दल विचारून घ्या.