‘तुम्ही करून घ्या, नंतर वळते करू’

भाड्याचं घर सोडल्यावर, ३ एप्रिल २०२५ ला दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर एका वहीच्या पानाचा फोटो आला. निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात हिशेब मांडलेला. रंगकाम २२,०००. भिंतीची ओल व वॉटरप्रूफिंग १४,०००. गिझर ४,५००. नळकाम ३,२००. साफसफाई ३,५००. एकूण ४७,२००. डिपॉझिट ६०,००० वजा वरील, देणे १२,८००. खाली सही.

जवळजवळ दोन वर्षांत आमच्या घरमालकांनी मला लेखी पाठवलेली ही पहिली गोष्ट. त्याआधी आमच्या बाजूने काहीही गेलं, की समोरून नुसते जोडलेले हात यायचे आणि पाचेक मिनिटांत फोन. तेव्हा मला त्यात सौजन्य दिसायचं.

आम्ही मूळचे मिरजेचे. नवऱ्याची बदली झाली म्हणून २०२३ च्या मे महिन्यात पुण्यात घर शोधत होतो. सिंहगड रोडच्या पुढे, धायरीकडे टू बीएचके मिळाला. भाडं १९ हजार, डिपॉझिट ६०. मालक साठी ओलांडलेले, राहायला पेठेत. आम्ही त्यांना काकाच म्हणायचो आणि ते मला पहिल्या दिवसापासून ‘अगं बाळ’. अ‍ॅग्रीमेंट एजंटने करून आणलं. तो लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच आला. अंगठा लावा, फोटो काढा, झालं. त्याने ४,००० घेतले. मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे आमच्या रकमेवर साडेपाचशेच्या आत, आणि नोंदणी फी १,०००. बाकी सगळी त्याची मेहनत. आणि हे चार हजारही आम्हीच भरले, कारण काका म्हणाले, ‘आमच्याकडे भाडेकरूच भरतो.’ तिथेच कान टवकारायला हवे होते, पण सामानाचा टेम्पो दुसऱ्या दिवशी यायचा होता. अशा वेळी कोण वाद घालतं?

अ‍ॅग्रीमेंट इंग्रजीत होतं, बारा-तेरा पानं. आम्ही भाडं, डिपॉझिट, तारखा आणि नोटिशीचा महिना एवढं पाहिलं. किरकोळ व दैनंदिन दुरुस्त्या परवानाधारकाने, म्हणजे राहणाऱ्याने, स्वखर्चाने कराव्यात, हे वाक्य होतं. पण किरकोळ म्हणजे किती रुपयांपर्यंत, हे कुठेच नव्हतं. ‘नैसर्गिक झीज वगळता’ हे शब्द अशा करारांत बहुतेक असतात. आमच्यात नव्हते. शेवटी वस्तूंची यादी होती: पंखे ४, ट्यूबा ५, गिझर १, वॉटर प्युरिफायर १, एक्झॉस्ट १. प्युरिफायर पहिल्याच दिवशी बंद होता. यादीत मात्र तो ‘१’ होता आणि त्याखाली माझा अंगठा होता.

काकांना फोन केला. ते म्हणाले, ‘अगं, तू करून घे ना. तुमच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न, माझा माणूस येईस्तोवर कशाला थांबता? बिल ठेव, भाड्यातून वळते करू.’ मेंब्रेन आणि फिल्टर बदलले, २,८००. पुढच्या महिन्यात भाड्यातून कापू का विचारलं, तर ‘या महिन्यात माझा हप्ता आहे गं, वर्षअखेरीला एकदम हिशेब करू.’

मग हीच रीत पडली. सिंकखालचा पाइप आणि नळ, १,६५०. विजेच्या बोर्डावरचा एमसीबी, ९००. कमोडचा फ्लश, १,२५०. बाथरूमचा दरवाजा खालून फुगून लागेनासा झाला, त्याला खालचा भाग कापून पत्रा मारून घेतला, २,८००. दर वेळी मी फोटो आणि बिल पाठवायचे, जोडलेले हात यायचे, फोन यायचा, तोही व्हॉट्सअ‍ॅपवरूनच. ‘काही काळजी करू नको, माझ्या लक्षात आहे.’ नऊ हजार चारशे रुपये असे हप्त्याहप्त्याने गेले, म्हणून बोचले नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये करार संपला. नवा करताना मी विषय काढला, तर म्हणाले, ‘आता सोडताना एकदमच करू ना, तुम्ही कुठं पळून जाताय का मी?’ आणि हसले. आम्हीही हसलो.

आता भिंतीबद्दल. पहिल्याच पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला खालून ओल चढायला लागली. आधी नुसता काळपट पट्टा. मग रंगाला फुगे आले, हात लावला की पोपडे पडायचे आणि आत पांढरी खारट पूड. कपाट भिंतीला लागून होतं, त्याची मागची फळी मऊ पडली आणि माझ्या दोन चांगल्या साड्यांवर ठिपके आले. काका येऊन बघून गेले. भिंतीवर बोट टेकवलं, वास घेतला आणि म्हणाले, ‘कपडे आत वाळत घालता का तुम्ही?’ पावसाळ्यात पुण्यात कपडे आणखी कुठे वाळत घालतात?

डिसेंबरात दुरुस्ती झाली. बाहेरून दोरावर माणसं लटकून पाइप बदलत होती. दोन दिवस आत येऊन त्यांनी भिंत फोडली आणि नवा गिलावा केला. काका दोन्ही दिवस प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होते. मी चहा केला. ते माझ्याकडे बघून मान हलवत म्हणाले, ‘बघतेस ना खर्च किती चाललाय?’ मला खरंच वाईट वाटलं. तीन महिने मी मागे लागले होते, म्हणून वाईट वाटलं.

आणि ह्याच भिंतीचे १४ हजार वहीच्या पानावर आले होते. मी फोन केला. या खेपेला ‘बाळ’ नव्हतं. ‘तुमच्या वापरामुळे ओल आली, मी तेव्हा बोललो होतो. पैसे मी पदरचे घातले.’ आणि आमचे ९,४००? ‘किरकोळ दुरुस्त्या तुमच्याच, अ‍ॅग्रीमेंट वाचा.’ मी म्हटलं, तुम्ही वळते करतो म्हणाला होतात. ‘कुठं लिहिलंय?’

कुठेच लिहिलं नव्हतं. मेसेज सगळे शोधले. माझे बेचाळीस, त्यांचे जोडलेले हात एकोणीस.

मैत्रिणीचा भाऊ वकील आहे. त्याने कागद वाचून जे सांगितलं ते इथे देते, कारण मी आधी नेटवर वाचून फार उड्या मारत होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ यातलं कलम १४ म्हणतं, की उलट करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळात दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून कापून घ्यावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. वाचून वाटतं, जिंकलो. पण हे भाडेकरूसाठी. आपण ज्याला सर्रास भाडेकरार म्हणतो तो लिव्ह अँड लायसन्स असतो आणि त्यात आपण कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो. आपलं काय ते सगळं त्या बारा-तेरा पानांत. त्याच कायद्याचं कलम ५५ आहे: करार नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. आमचा करार नोंदवलेला होता. म्हणजे नोंदणी करून आम्ही चांगलंच केलं, फक्त काय नोंदवतोय ते वाचलं नाही. ‘दावा लावू शकता,’ तो म्हणाला, ‘पण या रकमेसाठी तारखांना किती सुट्ट्या टाकाल ते आधी मोजा.’

आम्ही मोजलं आणि गप्प बसलो. खरं सांगते, गप्पच बसलो असतो.

एप्रिलच्या शेवटी बँकेने नवं एटीएम कार्ड जुन्या पत्त्यावर पाठवलं. ते घ्यायला गेले. त्या फ्लॅटच्या पत्रपेटीला कुलूप नाही आणि काका ती कधी उघडत नाहीत. कार्डाच्या लिफाफ्याखाली जाहिराती आणि तळाशी सोसायटीचा अहवाल, सप्टेंबर २०२४ च्या वार्षिक सभेचा, ओलीने वाकडा झालेला. भाडेकरूला हा अहवाल कोणी देत नाही. मी तो तिथेच जिन्यात उघडला. २०२३-२४ च्या दुरुस्ती खर्चात आमच्या फ्लॅटचा नंबर होता आणि पुढे: बाहेरील ड्रेनेज लाइन बदलणे व गळती दुरुस्ती, आतील गिलाव्यासह, २६,५००.

‘आतील गिलाव्यासह.’ मी ते दोनदा वाचलं. वॉचमनला विचारलं, तर तो म्हणाला, ‘ताई, ती लाइन सोसायटीचीच फुटली होती, तुमच्या वरच्याकडं बी ओल होती की.’ सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतही, म्हणजे नमुना नियमांतही, पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चात धरली आहे. म्हणजे काकांना हे ठाऊक नसणं शक्यच नव्हतं. पदरचे घातलेले पैसे सोसायटीच्या पदरचे होते आणि ते परत आमच्याकडून घेतले होते. खुर्चीत बसून माझा चहा पीत.

त्या पानाचा फोटो काढला आणि अहवाल होता तिथे ठेवला. रात्री नवऱ्याने फोटो पाठवला, सोबत एकच ओळ: ‘१४,००० आठ दिवसांत द्या, नाहीतर हा फोटो आणि तुमचं वहीचं पान दोन्ही सोसायटीच्या सेक्रेटरींना देतो.’

आता नव्या घराचा करार करताना मी एजंटला दोन तास बसवून ठेवलं. तो वैतागला, वैतागू दे. केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा आहे, राज्यांनी स्वीकारायचा नमुना म्हणून. आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो. पण त्या नमुन्यात कोणती दुरुस्ती कोणाची याची यादी आहे, ती उचलण्यासारखी. रंग, पाइप बदलणे, आतली-बाहेरची वायरिंग मालकाकडे. नळाचे वॉशर, तुंबलेलं ड्रेन, गिझरची दुरुस्ती, बटणं-सॉकेट राहणाऱ्याकडे. हो, गिझर आपल्याकडेच आहे, सगळंच मालकावर ढकललेलं नाही. ती यादी मी जशीच्या तशी करारात घातली. वर १,००० रुपयांपुढची दुरुस्ती मालकाची, सात दिवसांत न केल्यास पुढच्याच महिन्याच्या भाड्यातून वजा, वर्षअखेरीला नाही. वस्तूंच्या यादीत प्रत्येक नावापुढे चालू की बंद. ‘नैसर्गिक झीज वगळता’ हे शब्द एजंटने स्वतः घातले होते, तरी मी बोट ठेवून वाचून घेतले. आणि नव्या मालकीणबाईंचा फोन आला, की ठेवल्यावर लगेच मेसेज करते: ‘आत्ता बोलणं झाल्याप्रमाणे...’ पहिल्यांदा त्यांना चमत्कारिक वाटलं. आता त्याच उलट मला तसे मेसेज करतात.

लोक आणखी एक उपाय सांगतात: शेवटचे दोन-तीन महिने भाडंच द्यायचं नाही, डिपॉझिटमधून फिटू द्यायचं. बरेच जण करतात. कराराविरुद्ध आहे, म्हणून मी सांगणार नाही. पण आम्ही मार्चचंही भाडं १ तारखेला भरलं होतं, हे आठवलं की अजून चरफडते.

१४ हजार दुसऱ्याच दिवशी दुपारी खात्यात आले. फोन नाही, खुलासा नाही. मेसेजमध्ये जोडलेले हात. बाकीचे गेले, ते आम्ही सोडून दिले. गेल्या महिन्यात नवऱ्याला त्या फ्लॅटची जाहिरात दिसली. भाडं २२ हजार झालंय. सोयींमध्ये लिहिलंय: वॉटर प्युरिफायर, चालू स्थितीत.