रायबंदरचा हेरिटेज वॉक: पाटो एक नंबर, बाकी घाईघाई

गेल्या रविवारी केला एकदाचा. माणशी ५०० रुपये, सकाळी साडेसातला चोडणच्या फेरीधक्क्यावर जमा म्हणाले आणि गाईड उगवला सव्वाआठला! तोवर आमचा दोनदा चहा झाला, तीन फेरीबोटी येऊन गेल्या. सॉरी वगैरे काही नाही.

पण पोरगा बोलायला लागला आणि राग विसरलो. पाट्याची गोष्ट तर काय सांगितली राव! पाटो म्हणजे पणजी ते रायबंदरचा ३ किलोमीटरच्या आसपासचा बांध, तो १६३३-३४ मध्ये लिन्हारिसच्या काउंटने, म्हणजे तेव्हाच्या विजरईने (पोर्तुगीज व्हाइसरॉयने) घातला, तेव्हा खरं शहर जुन्या गोव्यात, मग तिथे रोगराई वाढली, लोक निघून गेले, १७५९ ला विजरईनेच मुक्काम पणजीला हलवला आणि १८४३ ला पणजी 'नोव्हा गोवा' म्हणून राजधानी झाली. त्या नोव्हा गोव्यात रायबंदरही धरलेलं होतं हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं बसने त्या पाट्यावरून जातोय, खिडकीतून फक्त खारफुटी बघत.

जुन्या घरांच्या गल्लीत एक शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी दाखवली, त्यात एका जागचा शिंपला गेलेला आणि तिथे कोणीतरी वहीचं प्लॅस्टिक कव्हर कापून बसवलेलं. सगळ्यात जास्त फोटो मी त्याचेच काढले.

त्याच घरातली मावशी कुलूप लावत शेजारणीला म्हणाली, "पणजे वचून येतां." घरपट्टी भरते पणजी महापालिकेत आणि जाते पणजीला! मी गाईडला विचारलं, रायबंदर महापालिकेत कसं गेलं, लोकांना काय वाटलं, तर म्हणे "ते पॉलिटिक्स आहे, आपण हिस्ट्री बघतोय." अरे बाबा, तीच तर हिस्ट्री! १९६१ नंतरचं, म्हणजे पोर्तुगीज गेल्यानंतरचं, एक वाक्य नाही.

१५६५ च्या आवर लेडी ऑफ हेल्प चर्चला तर जेमतेम पाच मिनिटं. जुन्या हॉस्पिटलची बिल्डिंग रस्त्यावरूनच, तीही मागून बस हॉर्न मारत असताना. रस्ता अरुंद, फुटपाथ नावालाच, लहान मुलांना नेऊ नका.

साडेतीन स्टार. अर्धा वेळेचा कापला, एक त्या उत्तराचा. उरलेले पाट्याचे, आणि चहा आम्हीच घेतला तो वेगळा.