बॅरिऑन स्टॉपिंगसाठी यूआरक्यूएमडी की एएमपीटी?

प्रोजेक्टला बॅरिऑन स्टॉपिंग (जड अणुकेंद्रकं आदळली की त्यांतले प्रोटॉन-न्यूट्रॉनसारखे कण, म्हणजे बॅरिऑन, किती मंदावतात ते) घेतलेली पोरं इथे नागपुरात सध्या हेच विचारून राहिली, की भाऊ, अशा टकरी कॉम्प्युटरवर घडवणाऱ्या यूआरक्यूएमडी अन् एएमपीटीपैकी कोणता कोड घेऊ. मी दोन्ही चालवलेत, माझा अनुभव सांगतो, तुमचा प्रश्न वेगळा असेल तर उत्तरही वेगळं निघू शकतं.

एएमपीटी वाईट नाहीच. 200 जीईव्ही ऊर्जेच्या टकरीला क्वार्कचा टप्पा लागतोच, एलिप्टिक फ्लो (कणांचा लंबगोल प्रवाह) बघायचा असला तर मीही तेच उघडतो, अन् 2017 मध्ये कोअलेसन्स (क्वार्क जोडून कण बनवायची पद्धत) सुधारल्यापासून त्याचे प्रोटॉनही बरेच नीट येतात. यूआरक्यूएमडी तिथे फ्लो कमी देतं, नेट प्रोटॉनच्या (प्रोटॉन वजा अँटिप्रोटॉन) डायरेक्टेड फ्लोचा (एका बाजूला झुकणाऱ्या प्रवाहाचा) स्लोप स्टार प्रयोगाच्या डेटात दोनदा चिन्ह बदलतो तेही त्याला जमत नाही. मान्य.

पण मला बघायचं होतं की मधल्या रॅपिडिटीला (टकरीच्या दिशेतला वेग जवळपास शून्य असतो तिथे) बॅरिऑन किती थांबतात अन् चार्ज किती, तेही रुथेनियम-झिर्कोनियम शेजारी ठेवून. दोन्ही प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून 96 चे, म्हणजे टकरीत बॅरिऑन 192 च, चार्ज मात्र एकीकडे 88 अन् दुसरीकडे 80. सगळा खेळ त्या 8 चा, बॅरिऑन नंबर व्हॅलन्स क्वार्क (कणाचे मूळचे क्वार्क) नेतात की त्यांना जोडणारं ग्लुऑनचं वाय आकाराचं जंक्शन, याचा अंदाज तिथूनच लागायचा. आणि एएमपीटीच्या पब्लिक व्हर्जनमध्ये नेमका चार्जच जपला जात नाही! हॅड्रॉनच्या (क्वार्कपासून बनलेल्या कणांच्या) टप्प्यात केऑन कणांपैकी फक्त के-प्लस अन् के-मायनस धरलेत, के-झिरो आधी त्यांच्यात मिसळतात आणि शेवटी अर्धे परत काढतात, वरून काही रिअॅक्शनमध्येही चार्ज हलतो, खुद्द कोड लिहिणाऱ्यांनीच हे नोंदवलंय. आता 8 चा फरक शोधायचा अन् बेरीजच डुगडुगते म्हटल्यावर काय करता? एनटीमॅक्स ही सेटिंग 3 ठेवून तो टप्पा बंद करता येतो, पण मग प्रोटॉन-अँटिप्रोटॉन नष्ट होणंही गेलं, ते मला नको होतं.

यूआरक्यूएमडीच्या एफ14 या आउटपुट फाइलीत चार्जचा रकाना आयताच असतो, बेरीज मारली की 88 म्हणजे 88. माझं मन तिथेच बसलं.

म्हणून फ्लोवर काम असेल तर खुशाल एएमपीटी घ्या, स्टॉपिंगवर असेल तर मला वाटतं यूआरक्यूएमडीच बरं. फक्त एकदम आयसोबारवर (रुथेनियम-झिर्कोनियमच्या जोडीवर) उडी मारू नका, आधी लेड-लेड 17.3 जीईव्हीला चालवून नेट प्रोटॉनच्या आलेखातले दोन उंचवटे अन् मधला खळगा एनए49 प्रयोगाच्या डेटाशी लावून बघा, आणि रन रात्रीच लावा, मे महिन्यात दुपारी इथे लॅपटॉप तापून पार मंद पडतो.