स्टँडर्ड हेराल्डला ४० लिटरची टाकी : एक पावसाळा वापरल्यानंतर

टाकी मोठी करायची, पण गाडीच्या पत्र्याला एकही नवीन भोक पाडायचं नाही, ही माझी अट होती. स्टँडर्ड हेराल्ड म्हणजे ब्रिटिश ट्रायम्फ हेराल्डची भारतात बनलेली जुनी आवृत्ती. हेराल्डची मूळ टाकी डिकीत डाव्या अंगाला असते आणि तिच्यात जेमतेम ३० लिटर मावतं. हेराल्डच्याच घराण्यातल्या ट्रायम्फ व्हिटेस या गाडीची टाकी डिकीतल्या त्याच कोपऱ्यात असते, पण ४० लिटरच्या आसपास. त्या अंदाजाने परळच्या मिस्त्रींकडून स्टेनलेस स्टीलची टाकी बनवून घेतली. आत पेट्रोल हिंदकळू नये म्हणून आडवे पत्रे टाकले. मूळ टाकी धुऊन, तेल लावून माळ्यावर ठेवली आहे. पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून विंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे, आणि तिथे गाडीचं मूळपण बघतात.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पेट्रोलच्या काट्याने. टाकीची खोली बदलली की तरंगत्याची (पेट्रोलवर तरंगून काटा हलवणाऱ्या फुग्याची) दांडी जुन्या मापाने चालत नाही. मिस्त्री पाच-पाच लिटर ओतायचे, मी आत बसून काटा सांगायचे, मग दांडी काढून पकडीने किंचित वाकवायची, पुन्हा ओतायचं. "ताई, रिकामं बरोबर दाखवलं पाहिजे, भरलेलं थोडं इकडंतिकडं चालेल," असं ते म्हणाले ते अगदी खरं. आता काटा तळाशी आला की पेट्रोल खरोखरच संपत आलेलं असतं.

फायदा कळतो तो कोकणात जाताना. दादरहून रत्नागिरी सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे. माझी गाडी लिटरला बाराच्या आसपास देते, म्हणजे पूर्वी शेवटचे तासभर जीव टांगणीला. त्यात टाकीच्या तळाचा गंज चढावर पाइपात यायचा आणि घाटात गाडी आचके द्यायची. ते पूर्ण थांबलं. माझ्या मते दहा लिटर वाढले यापेक्षा हे मोठं सुख आहे. वाढीव वजन साडेसात किलोच्या आसपास, चालवताना जाणवतही नाही.

फक्त मुंबईत फिरणाऱ्याने मात्र या खर्चात पडू नये. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. जुलैत अर्धी रिकामी मोठी टाकी म्हणजे दमट हवेला तेवढी जास्त जागा. म्हणून पावसाळ्यात मी टाकी भरलेली ठेवते आणि रविवारी सकाळी वरळीपर्यंत तरी गाडी काढतेच, पेट्रोल शिळं होऊ देत नाही. टाकीसोबत सगळे रबरी पाइपही इथेनॉल सोसणारे घातले. ते काम उद्यावर टाकू नका, जुनं रबर फुगतं, चिरतं आणि टाकी तर डिकीच्या आत आहे.

डिकीतली जागा कमी झाली, मोठी बॅग आता मागच्या सीटवर जाते. काठोकाठ भरल्यावर पहिल्या वळणांना पेट्रोलचा वास यायचा. हवा जाण्याची नळी उंच फिरवून घेतल्यावर तो गेला.