'पास आऊट' झालो म्हणजे नक्की काय झालं? फ्रेजल व्हर्बच्या ऑनलाइन बॅचचा रिव्ह्यू

फ्रेजल व्हर्ब म्हणजे इंग्लिश क्रियापदाला अप, आऊट, डाऊन असं काही जोडलं की बऱ्याचदा वेगळाच अर्थ होतो ते. सहा आठवड्यांची बॅच, शनिवार-रविवार सकाळी दीड तास, फी १,८०० रुपये. क्लासचं नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रार पण आहे. मी का जॉईन झालो तर ऑफिसच्या कॉलवर लंडनच्या क्लायंटला ओळख करून देताना बोललो 'आय पास्ड आऊट इन २०१४', तर तो हसून म्हणाला, आता बरं वाटतंय ना? मला कळेना. म्यूट करून शेजारच्याला विचारलं, तर तोही माझ्याच जातीचा.

पहिल्याच दिवशी मॅडमनी नेमकं हेच घेतलं. तिकडे कॉलेजसाठी 'ग्रॅज्युएट' म्हणतात आणि पास आऊट म्हणजे शुद्ध हरपणं, हे आपल्या इथेच डिग्रीला चिकटलंय. त्यावर एकाने विचारलं, मग खडकवासल्याला एनडीएची पासिंग आऊट परेड असते ती काय चक्कर येणाऱ्यांची असते का 😄 तर नाही, लष्करी ट्रेनिंग पूर्ण करून बाहेर पडायला ब्रिटिश इंग्लिशमध्ये पास आऊटच म्हणतात, तिथे ते बरोबर आहे. शिवाय पेपर पास आऊट केले म्हणजे वाटले. आणि गंमत अशी की वाटायच्या अर्थात 'पास देम आऊट' असं मध्ये घालता येतं, चक्करवाल्यात मध्ये घालायला काही नसतंच.

पण मला पैसे वसूल वाटले ते वेगळ्याच गोष्टीने. मॅडम म्हणाल्या, 'खाऊन टाक' मध्ये तुम्ही काय फेकता का? 'काय करून बसलास' मध्ये कोण बसतं? तसंच 'ईट अप', 'यूज अप' मधलं अप म्हणजे वर नाही, संपवून टाकणं. इतकी वर्षं मी एकेका शब्दाचा अर्थ लावत बसलेलो आणि घरी आई रोज हेच बोलत होती की! 'टर्न इट डाऊन' चालतं, 'टर्न डाऊन इट' नाही, पण इटच्या जागी 'द व्हॉल्यूम' घातलं की दोन्हीकडे चालतं, हेही तेव्हाच डोक्यात बसलं.

आता तक्रार. शेवटचे दोन आठवडे मॅडम गायब, कोणी काही सांगितलं नाही, दुसरे एक सर आले आणि ए पासून झेडपर्यंत पाचशे फ्रेजल व्हर्बची पीडीएफ वाचत बसले, एक उदाहरण नाही काही नाही. त्यात स्लाइडवर चक्क 'कोप अप विथ'! अहो त्यात अप नसतंच, नुसतं 'कोप विथ'. मी चॅटमध्ये लिहिलं तर उत्तर आलं 'नोटेड'. रेकॉर्डिंग पण महिन्याभरात बंद.

मॅडमच्या चार आठवड्यांना पाच स्टार, बाकीला एक. घ्यायची असेल तर आधी फोन करून विचारा की पूर्ण बॅच त्याच घेणारेत का, आणि ते व्हॉट्सॲपवर लेखी घ्या.