फॉन्ड्यू सेट: काही महिने वापरल्यावर (भांडं चांगलं, बर्नर मात्र बघून घ्या)

झेरमाटसारख्या स्विस आल्प्समधल्या गावात रात्री बाहेर बर्फ आणि टेबलावर रटरटतं चीज, म्हणजे काट्याला टोचलेला पाव बुडवून खायचा फॉन्ड्यू, असं जेवण झालं, की फॉन्ड्यू सेट घ्यायची हुक्की येतेच. दुकानात सगळी नजर भांड्यावर असते. काही महिने नियमित वापर झाल्यावर स्पष्ट मत असं, की भांडं कसंही निभावतं. जेवण बिघडतं ते बर्नरमुळे.

हा सेट चौघांचा. एनॅमल चढवलेलं २२ सेंटिमीटर व्यासाचं बिडाचं भांडं, स्टँड, स्पिरिटच्या घट्ट पेस्टवर चालणारा बर्नर आणि सहा काटे. काटे सहा असले तरी सहा जण बसले की ते एकमेकांत अडकतात, आणि पाव चीजमध्ये बुडून बसतो.

स्विस पद्धतीचं मूळ भांडं, म्हणजे काकलों, जाड मातीचं आणि जिलई दिलेलं असतं. ते हळूहळू तापतं आणि चीज करपू देत नाही. पण गॅसवर खाली जाळी लागते, इंडक्शनवर ते चालत नाही आणि गरम असताना थंड पाणी ओतलं तर तडकतं. बीड गॅस-इंडक्शन दोन्हीवर चालतं आणि ऊब धरून ठेवतं. फक्त आपटलं की एनॅमलचा टवका उडतो. मातीच्या भांड्यात तेलाचा फॉन्ड्यू (गरम तेलात तुकडे तळून खायचा प्रकार) कधीच करू नये. त्याला स्टीलचं खोल भांडं हवं.

आता बर्नर. ज्योत कमी-जास्त करणारी फिरती झाकणी हा त्याचा खरा भाग. पेस्ट कडांवर सांडून वाळली की ही झाकणी घट्ट बसते, ज्योत कमी होत नाही आणि चीज तळाला लागून तूप सोडतं. म्हणून दर वापरानंतर बर्नर गार झाला की झाकणीची खाच ओल्या फडक्याने पुसायची. चीजवर मधूनच एखादा बुडबुडा यावा, एवढीच आच पुरते. काही स्वस्त सेटमध्ये खाली टी-लाइट, म्हणजे छोटी चपटी मेणबत्ती असते. ती चॉकलेटच्या फॉन्ड्यूपुरती ठीक, चीज तिच्यावर दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होऊ लागतं. पेटत्या किंवा गरम बर्नरमध्ये इंधन ओतणं सगळ्यात धोक्याचं. स्पिरिटची ज्योत उजेडात धड दिसत नाही आणि भडका थेट बाटलीपर्यंत येतो. जेवण लांबणार असेल तर दुसरा भरलेला बर्नर जवळ ठेवावा.

प्रमाण चौघांसाठी: ४०० ग्रॅम ग्रुयेर, ४०० ग्रॅम वाशरँ फ्रिबुर्ज्वा (दोन्ही स्विस चीज), ३०० ते ३५० मिलिलिटर आंबटसर पांढरी वाइन, लसणाची एक पाकळी, तीन चमचे कॉर्नफ्लोअर, एक चमचा लिंबाचा रस, थोडी किर्श (चेरीची कडक दारू), मिरपूड, जायफळ. या दोन चीजच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणाला तिकडे ‘म्वातिये-म्वातिये’ म्हणतात. भांड्याला आतून लसूण चोळायचा आणि वाइन व लिंबू गरम करायचं. किसलेल्या चीजला कॉर्नफ्लोअर चोळून ते मुठीमुठीने घालायचं आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखं ढवळायचं. हे सगळं शेगडीवर. बर्नर फक्त गरम ठेवण्यासाठी आहे; त्यावर चीज वितळवायला बसलात तर पाहुणे पावच खाऊन उठतील.

चीजच्या दोऱ्या होतात किंवा गोळा बनतो, त्याचं कारण कॅल्शियम. चीजमधलं केसीन हे दुधाचं प्रथिन कॅल्शियममुळे एकमेकांना घट्ट धरून असतं. वाइन आणि लिंबातली आम्लं ते कॅल्शियम पकडतात, केसीन सैल होतं. कॉर्नफ्लोअरमधला स्टार्च चरबी आणि प्रथिनांना वेगळं होऊ देत नाही. त्यामुळे गोडसर, कमी आंबट वाइन घेतली की फसतं. मोझरेला किंवा अगदी कोवळं चीज घेतलं तरी तेच. मुरलेल्या चीजमधली प्रथिनं आधीच तुटलेली असतात. फुटलेला फॉन्ड्यू वाचतो: एक चमचा कॉर्नफ्लोअर दोन चमचे वाइनमध्ये कालवून, वर थोडं लिंबू पिळून घालायचं, आच वाढवायची आणि जोरात फेटायचं. नुसता घट्ट झाला असेल तर वाइन गरम करूनच घाला; थंड घातली की परत गोळा.

वाइन नको असेल तर फक्त वाशरँचा फॉन्ड्यू करता येतो. तो पाण्यातच करतात, साधारण ५० अंशांवर, उकळी न येऊ देता. शुद्ध शाकाहारींसाठी मात्र एक अडचण आहे: ग्रुयेर वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या पाचक रसाने, विरजतात. वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासूनचं रेनेट लिहिलेलं दुसरं मुरलेलं चीज शोधावं लागतं, आणि चव थोडी बदलते हे धरून चालायचं.

‘उंचावरची चव खाली येत नाही’ असं ऐकू येतं. झेरमाट सुमारे १६०० मीटरवर आहे. तिथे पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे सोबतचे बटाटे शिजायला वेळ जास्त लागतो. फॉन्ड्यू मुळात उकळायचाच नसतो, त्याला काय फरक पडणार! फरक पडतो पावामुळे. ताजा मऊ पाव काट्यावरून गळतो. आदल्या दिवशीचा घ्यावा, प्रत्येक तुकड्याला कडक पापुद्रा असावा आणि काटा मऊ बाजूने खुपसून पापुद्र्यातून बाहेर काढावा.

काट्यांची तक्रार आहे. टोकांवरचे रंगीत ठिपके थोड्याच धुण्यांत निघाले, मग कुणाचा काटा कोणता यावरून गोंधळ. मुठी लाकडी आहेत, डिशवॉशरमध्ये घालू नयेत.

शेवटी तळाला जो खरपूस थर उरतो, त्याला ‘रलिज्यूझ’ म्हणतात. ज्योत विझवून तो लाकडी उलथन्याने सोडवायचा आणि वाटून खायचा. बिडाच्या भांड्यात तो अखंड सुटतो, ही या भांड्याची खासियत. भांडं पूर्ण गार झालं की थंड पाण्यात भिजवा. गरम पाण्याने चीज आणखी चिकटतं. चिवट डागांना पाण्यात खायचा सोडा घालून उकळी काढली की पुरतं, तारेची घासणी लावू नका.